काकूंचं मत आणि काकांचा हात

बायकोची सेवा करावी तर घड्याळजी काकांनी, असं गल्लीत म्हणत. ते आधी काकाच म्हणाले होते, मग गल्लीनेही धरलं. काकूंची दृष्टी गेली तेव्हापासून काका त्यांना रस्ता ओलांडून देत, पेपर वाचून दाखवत आणि निवडणूक आली की सोबती म्हणून आत जाऊन त्यांच्या वतीने शिक्काही मारत. "नर्सबाईंना हं," असं काकू दर वेळी कानात सांगत. काका "बरं" म्हणत आणि शिक्का हार्डवेअरवाल्यावर मारत. दोघंही दरवेळचे उमेदवार; हार्डवेअरवाला शिवाय काकांचा पत्त्यांतला जोडीदार. यात काकांना काही वावगं वाटत नसे. नर्सबाई काही निवडून येत नाहीत, मग बिचारीचं मत वाया कशाला घालवायचं? हार्डवेअरवालाही कधी निवडून आला नव्हता, पण ती बाब वेगळी.

या खेपेला काकांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक रेंगाळलं आणि शाळेतल्या केंद्रावर दोघं पोचली तेव्हा मतदान संपत आलं होतं. रांगेत शेवटची ती दोघंच. त्यांच्या मागे शिपायाने दार लावून घेतलं. आता आत होते त्यांनीच मत द्यायचं, बाहेर गेलेल्याला परत प्रवेश नाही.

केंद्रप्रमुख भूगोलाच्या बाई होत्या. नियमांच्या पुस्तकात त्यांनी इतक्या रंगीत खुणा घातल्या होत्या की ते पुस्तक मिटत नव्हतं.

"काकू, सोबती घेणार की स्वतः मत देणार?"

"ती कशी देणार? मी आहे ना," काका म्हणाले.

"मी त्यांना विचारलं. मतदाराला थेट विचारायचं, असा नियम आहे."

"स्वतः म्हणजे कसं?" काकूंनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या हातात पुठ्ठ्याची चौकट दिली. मतपत्रिका तिच्यात सरकवायची आणि प्रत्येक नावासमोरच्या भोकातून शिक्का मारायचा. नावं कुठल्या क्रमाने आहेत ते बाईंनी वाचून दाखवलं. काकूंनी चौकटीवरून वरून खाली बोट फिरवलं. त्यांचं अर्धं आयुष्य कपडे शिवण्यात गेलेलं.

"अगं बाई, ही तर काजं आहेत," त्या म्हणाल्या. "मी एकटीच जाते."

काका आडवे आले. "अगं, चुकलीस तर मत बाद होईल."

"होऊ दे. माझंच आहे ना?"

आडोशामागून कागदाचा आवाज आला तसे काका न राहवून ओरडले, "जरा खाली सरक, खाली!"

"मतदाराला बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत," बाई म्हणाल्या.

"मी नवरा आहे तिचा."

"नवऱ्यांसाठी वेगळा नियम नाही." तरी खात्री असावी म्हणून बाईंनी पुस्तक चाळून पाहिलं. खरंच नव्हता.

काकू बाहेर आल्या त्या कपाट आवरून झाल्यासारख्या समाधानाने. पेटीची फट त्यांनीच चाचपली आणि मत आत टाकलं.

"कोणाला दिलंस?"

"गुप्त असतं."

मग काकांची पाळी. त्यांनी खिसा चाचपला, दुसरा खिसा चाचपला आणि त्यांचा चेहराच उतरला. चष्मा दुकानात राहिला होता. हात लांब करून पाहिलं तरी मतपत्रिकेवर मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं.

"ती चौकट मलाही द्या," ते तोऱ्यात म्हणाले. घड्याळातले बारीक स्क्रू बसवणारी बोटं त्यांची, पण भिंगाशिवाय ती बोटं अगदी अडाणी निघाली. पहिला शिक्का पुठ्ठ्यावर बसला, दुसरा इस्त्रीच्या बाहीवर.

"तुम्हीही सोबती घ्या," बाई म्हणाल्या. "आम्ही कर्मचारी चालत नाही. तुमच्या पसंतीचं कोणीही सज्ञान माणूस चालेल."

आत उरलं होतं कोण? काकू. बाईंनी पुन्हा पानं उलटली. "सोबत्याला दिसलं पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. असा नियम सापडल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

आडोशामागे काकूंनी हळूच विचारलं, "कोणाला?"

"हार्डवेअरवाल्याला." आणि काकांना घाम फुटला. दुसऱ्याचं मत आपल्या हातात आलं की काय काय करता येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "नक्की तिथेच मारशील ना?"

काकूंचं बोट एकेका भोकावरून खाली उतरत होतं. "अहो, मागच्या वेळी आपल्या केंद्रावर नर्सबाईंना एकही मत नव्हतं," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "शेजारणीने निकाल वाचून दाखवला होता. तुमच्या जोडीदाराला मात्र दोन होती."

काकूंनी शिक्का दाबला, कागदाची घडी घातली आणि ती त्यांच्या हातात ठेवली. "चला. बाईंना घरी जायचं असेल."

निकाल लागेपर्यंत काकांच्या जिवाला थारा नव्हता. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळात त्यांनी काटे उलटे बसवले. मत कुठे पडलं हे काकूंना विचारायची सोय नव्हती. विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

शेजारीण केंद्रवार निकाल घेऊन आली तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या. आपल्या केंद्रावर नर्सबाईंना एक मत. हार्डवेअरवाल्याला एक. काकूंनी मान वर केली नाही. काकांना आधी हायसं वाटलं आणि मग इतकी लाज वाटली की दुकान उघडायला उशीर होतोय असं सांगून ते घराबाहेर पडले.

दुकानात हार्डवेअरवाला तणतणत येऊन बसला. त्याचं स्वतःचं नाव दुसऱ्या केंद्राच्या यादीत होतं. "मागच्या वेळी तुमच्या केंद्रावर दोन मतं होती माझी, या वेळी एक," तो म्हणाला. "एक तुझं, ते मला माहीत आहे. दुसरं कोण फितलं, तेवढं सांग."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोणी फितलं नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळीही तुझं एकच होतं."