हळदीकुंकवातले एकसष्ट फॉर्म

अमरावतीच्या वकिलांची चारुता म्हणजे हुशारीचं प्रकरण. सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला ‘विषमता’ या पेपरात वर्गात पहिली. आता इंटर्नशिप लागली बाळापूरजवळच्या खेड्यात. गावातल्या एकूण एक बाईचा फॉर्म भरायचा आणि त्यातून विधवांची यादी काढायची. यादी उद्या सकाळी दहाला तालुक्याला जाणार. जिचं नाव राहिलं, तिची पेन्शन यंदा बुडाली.

काम मात्र आठ दिवस झाले तरी पुढे सरकेना. दारोदार फिरावं तर बायका कापूस वेचायला गेलेल्या. पण पोरीचं नशीब बघा. संक्रांतीचे दिवस, आणि सरपंचबाईंनी सगळ्या गावाला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं. आयतंच घबाड हो!

चारुता उतरली होती सुभद्रामावशींकडे. “चला ना तुम्हीही,” ती म्हणाली.

“तू जाय. मले तूर निवडाची हाये.”

गेली बापडी एकटीच. तिळगूळ चघळत एकसष्ट फॉर्म भरून घेतले, वर वाणातली चहाची गाळणीही पटकावली. इंटर्नशिपच्या सरांनी फोनवर शाब्बासकी दिली. मग काय, स्वारी हवेतच घरी आली.

दिवस अजून मावळला नव्हता. मावशी ओसरीत सूप घेऊन बसल्या होत्या. चारुतानं तिथंच बेरीज वाचून दाखवली. “विधवा, शून्य. मावशी, गाव नशीबवान आहे तुमचं.”

मावशींचं सूप थांबलं. “मंग मी कोन व?”

भिंतीवर मावशींच्या यजमानांचा, जानरावांचा, हार घातलेला फोटो होता. आठ दिवस येता-जाता चारुता त्याला नमस्कार करत होती.

“हळदीकुंकवाले आमाले कोन बलावते, बाई?” मावशी सहज म्हणाल्या.

चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरीही विमलआत्या दर संक्रांतीला आतल्या खोलीत लाडू वळत बसायची. बाहेर बायका हसायच्या, आणि त्यांच्यात चारुताही असायची.

“मला लाज वाटते, मावशी.”

“ते मंग वाटू दे. उजेड हाये तवर चाल. एकोनीस जनी हायेत, घरं मी दाखवतो.”

“आधी तुमचा फॉर्म.” चारुतानं कोरा कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं आणि तशीच थांबली. आठ दिवस या बाईच्या हातची भाकर खाल्ली होती, आणि तिचं आडनाव काय, हे तिला ठाऊक नव्हतं.