गाळातला कोयता

लातूर जिल्हा झाला त्या साली आमच्या गावच्या विहिरीनं तळ दाखवला. गावानं गाळ काढायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी पाटीतून एक कोयता वर आला. पाट्या पुढं देणाऱ्यांत मीही होते. कोयता नेमका माझ्याच हातात आला. दहा वर्षांपूर्वी याच हातांनी मी तो विहिरीत टाकला होता.

कोयता आमच्या यांचा. गाव यांना मलप्पा म्हणतं, मी म्हणत नाही. बहात्तरच्या दुष्काळात यांनी दारातली चिंच पाडायचं मनावर घेतलं. फांद्या कोयत्यानं छाटायच्या, खोडासाठी शेजारच्या वीरण्णाची कुऱ्हाड मागून आणायची, लाकूड उदगीरला नेऊन विकायचं. त्या चिंचेखाली माझी दोन लेकरं रांगली होती. म्हणून कोयता विहिरीत गेला.

वाटलं, दोन दिवस शोधतील आणि विसरतील. पण शोधतात कशाला? यांनी सरळ वीरण्णाला चोर ठरवलं. भांडण असं पेटलं की बोलचालच तुटली, मग कुऱ्हाड मागणार कोण? चिंच वाचली. मी खरं बोलले असते तर दोघांचं गोड झालं असतं आणि कुऱ्हाड दारात आली असती, म्हणून गप्प बसले. पुढं गप्प बसायची सवयच लागली. वीरण्णाला मात्र पोरंसोरंसुद्धा 'कोयतेचोर' म्हणू लागली. त्याच्या लेकीच्या लग्नाला यांनी जाऊ दिलं नाही, तेव्हा भिंतीआड बसून मी वाजंत्री ऐकली. आजही सांगताना लाज वाटते.

तर कोयता आमच्याच चिंचेखाली आणून ठेवला, कारण गावात सावली तेवढीच. गुरुपादप्पा गुरुजींनी चष्मा चढवला. नव्या जिल्ह्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि गुरुजींना गावाचं नाव लातुरात गाजवायचं होतं.

"पातं बघा किती झिजलंय! किती लढाया झाल्या असतील. निजामाच्या शिपायाचं हत्यार हाय हे."

ते पातं ज्वारीच्या धाटांवर झिजलं होतं, हे मला ठाऊक. यांनाही ठाऊक. यांनी कोयता बघताक्षणी ओळखला होता, पण कबूल करायचं म्हणजे वीरण्णाची माफी मागायची! त्यापेक्षा निजाम बरा.

"शिपायाचंच हाय. आजच्या मोटारीनं लातूरला धाडा," हे म्हणाले.

मीही जोरात मान हलवली. एकदा लातूरला गेला की सुटले!

एवढ्यात वीरण्णा उठून पुढं आला. दहा वर्षांत आमच्या चिंचेखाली तो पहिल्यांदाच आला होता. त्यानं पातं दगडावर घासलं आणि कडब्याचं एक धाट घेऊन घाव घातला. पातं घसरलं.

"बघा, हे कापायचं अवजारच न्हवं," गुरुजी खूश झाले.

"गुरुजी, याला धार उलट्या बाजूनं काढलीया. डावखुऱ्याचा कोयता हाय ह्यो. गावात डावखुरं किती हायती?"

सगळ्यांनी यांच्याकडं बघितलं. हे उजव्या हातानं चहा पीत होते. जन्मात कधी न केलेली गोष्ट, त्यामुळं निम्मा चहा धोतरावर सांडला. माणसं खो खो हसायला लागली.

खरं तर तिथंच मिटायचं. पण हे कसले हार मानतात!

"हाय माझा! मग हिरीत कसा गेला? तूच चोरलास, अन् भेव वाटलं म्हणून टाकलास!"

हसणं थांबलं. माणसं वीरण्णाकडं वळली. त्याचं तोंड असं उतरलं की मला माझाच संताप आला.

"कोयता म्या टाकला," मी म्हणाले.

हे वळले. "अगं साखरे, काय बोलायलीस?"

"खरं तेच. तुमी चिंच पाडाया निघाला व्हता. भावजींनी काय बी केलं न्हाई. आता समदे जरा वर बघा, कुणाच्या सावलीत बसलाव ते."

सगळ्यांनी वर बघितलं. गुरुजींनीसुद्धा.

हे उठून उभे राहिले. मग डाव्या हातात कोयता घेऊन वीरण्णापुढं धरला. "चुकलं माझं. धा वर्सं चोर म्हणवून घेतलास, आता माल तरी घे."

"डावखुऱ्याचा कोयता घेऊन म्या काय करू? कुऱ्हाड पायजे का तुला, बोल."

"कुऱ्हाडीचं नाव काढाल तर ती बी हिरीत जाईल!" मी म्हणाले, आणि पुन्हा हसू उसळलं.

वीरण्णा हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता. "वैनी, लेक बाळंतपणाला आलीया. बारशाला या. अन् लग्नावानी भिंतीआड बसू नगासा. त्या दिशी तुमच्या बांगड्या ऐकल्या व्हत्या म्या."