कळी लावलेली मागची सीट

मित्रांनो, मी एका जुन्या फियाटची मागची सीट आहे. ठाण्याला नौपाड्यात एका इमारतीच्या आवारात आमची गाडी उभी असते. माझ्या पोटात स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, मग काथ्याची गादी आणि वरून जाड सुती कापड, असा माझा देह.

गुरुदत्तकाकांनी गाडी घेतली तेव्हा त्यांची मुलं लहान होती. ती माझ्यावर भांडली, पेंगली, चिंचोके माझ्या फटीत कोंबून मोकळी झाली. धाकटी नीरजा तर प्रत्येक घाटात माझ्यावरच ओकायची. काका कधी चिडले नाहीत. निघण्याआधी ते समोरच्या आरशात बघून विचारत, "मागे नीट बसलात ना?" सगळ्यांचा 'हो' आल्याशिवाय त्यांनी किल्ली फिरवली नाही.

पुढे मुलं मोठी झाली. इंजिनाला मेकॅनिक मिळत राहिला, पत्र्याला रंग मिळत राहिला. माझ्यावर मात्र एक टॉवेल अंथरला गेला. त्याखाली काथ्याचा भुगा झाला आणि एक स्प्रिंग कापड फाडून वर आली. झाकलेलं दुखणं बरं होत नाही, मित्रांनो.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. ते खाली उतरेनासे झाले. बाळकुमला राहणाऱ्या सलिलने, त्यांच्या मुलाने, गाडीला गिऱ्हाईक शोधलं. काका एवढंच म्हणाले, "दसऱ्याला मला गाडीत बसता आलं तर ती राहील, नाहीतर खुशाल विका." पुढच्या अरुंद जागेत त्यांना बसवणं शक्य नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर, आणि मी तर मोडलेली.

नीरजाने मला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. बटण लावण्यापलीकडे तिने कधी सुई धरली नव्हती. सलिल म्हणाला, "अगं, तू उशीला अभ्रा घातलास तरी तो वाकडा बसतो."

तिने मला जिन्याखाली आणून ठेवलं आणि मोबाइलवर बघत बघत काम सुरू केलं. जुनं आवरण कापायचं नसतं, टाके उसवायचे असतात. कारण ते जुने तुकडे नव्या कापडावर ठेवूनच माप घेतात. तिची बोटं कापली, पण एकही तुकडा आणखी फाटला नाही. स्प्रिंगा सुतळीने आवळल्या, नवा काथ्या भरला. मला पुन्हा पाठ ताठ करता आली.

घरात दसऱ्याची साफसफाई चालली होती. नीरजाच्या आईला, सुहासिनीकाकूंना, ते कळकट तुकडे दिसले. एवढी घाण नव्या कापडाला लावायची कशी, म्हणून त्यांनी ते कढत पाण्यात भिजवून स्वच्छ धुतले, वर इस्त्रीही करून ठेवली. नीरजाने त्यांवरूनच नवं कापड बेतलं आणि शिवलं. माझ्यावर चढवायला गेली, तर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं आखूड! धुताना जुनं कापड आटलं होतं. नवं कापड संपलं होतं, दुकानातही उरलं नव्हतं, आणि उद्यावर दसरा.

नीरजा पायरीवर बसून राहिली. आईवर रागावली नाही, नुसतं ते आखूड कापड पुन्हा पुन्हा मापत राहिली. ते बघूनच काकू खचल्या. "चांगलं करायला गेले गं," त्या पुटपुटल्या आणि वर निघून गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

थोड्या वेळाने त्या शिवणाचा डबा घेऊन खाली आल्या. "ब्लाउज काखेत दाटला की काय करतो आपण? कळी लावतो. हिलाही लावू."

"कापड कुठाय, आई?"

काकूंनी ते आटलेले जुने तुकडे पुढे केले.

माझ्या दोन्ही कडांना विटक्या कापडाच्या कळ्या लागल्या. शिवण जाड झाली, टाके वाकडे पडले.

दसऱ्याला सलिलने काकांना धरून खाली आणलं. डाव्या हाताने गाडीला कुंकू कसं वाहायचं म्हणून ते घुटमळले, तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. मग त्यांना माझ्यावर बसवलं. इतक्या वर्षांत काका प्रथमच मागे बसत होते. समोरच्या स्टिअरिंगकडे बघताना त्यांचा चेहरा पडला. तोल उजवीकडे जाऊ लागला. सलिल पुढे झाला, एवढ्यात काकांच्या डाव्या हाताला कळीची जाड शिवण लागली. ती त्यांनी घट्ट पकडली. माझा एकेक टाका ताणला गेला, पण सुटला नाही.

नीरजा पुढे बसली. आरशात बघून म्हणाली, "बाबा, मागे नीट बसलात ना?"

काकांचे ओठ हलले, शब्द फुटेना. तिने किल्लीवरचा हात काढून घेतला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "हो."

मित्रांनो, काका पूर्वीसारखे होणार नाहीत, आणि माझे टाके किती दिवस टिकतील तेही मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरात कुणी किंवा काही टॉवेलाखाली झाकलेलं असेल, तर तो टॉवेल कधीतरी उचलून बघा. आणि निघण्याआधी मागच्यांना विचारा. नुसतं विचारू नका, उत्तर येईपर्यंत थांबा.