सदाशिवरावांचा चकचकीत धुरा

मारेगावच्या वाटेवर सदाशिवरावांचं वावर लांबूनच ओळखू येई. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवताचं पातं दिसेल तर शपथ! फवारून, खुरपून असा चकचकीत केलेला की त्यावरून वरात न्यावी. आणि शेजारी देवराव! त्याच्या धुऱ्यावर बोरी, रानतुळस, कंबरमोडी, जे उगवेल ते सुखानं नांदे. पानठेल्यावर चार माणसं जमली की सदाशिवराव हमखास विचारत, "काय देवराव, धुऱ्यात वाघ तं नाई ना पाळला तू?" सगळे खो खो हसत. देवरावही हसे, पण हल्ली त्याचं हसू जरा उशिरा येई.

सदाशिवरावांची बायको सत्यशीला मधमाश्या पाळायची. मागच्या साली दूरच्या वावरात, नुसत्या तुरीत ठेवलेल्या तिच्या दोन्ही पेट्यांतल्या माश्या डोळ्यांदेखत मेल्या. बिचारी कितीतरी दिवस नीट जेवली नव्हती. यंदा तिनं नव्या पेट्या याच वावरात मांडल्या, आणि माश्या कशा झक्क वाढल्या!

"पाह्यलं? माह्या तुरीची कमाल हाये," सदाशिवराव मिशीवर हात फिरवत म्हणाले.

सत्यशीलानं पेटीतली फ्रेम उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. घराघरांत पराग भरलेला. पिवळा, पांढरा, नारिंगी, विटकरी.

"तुरीचा हा पिवळा. बाकी सारा कोठचा?"

"कोठचा?"

"देवरावभाऊच्या धुऱ्यावरचा. रोज नुसतं वरण वाढलं तं तुमी तरी टिकसान का? पिल्लाइले चार जातीचा पराग लागते, तवा कुठं ते आजाराले दाद देत नाईत."

सदाशिवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात सत्यशीलाच किंचाळली, "अवो, तो पाहा!"

पाठीवर फवारणीचा पंप लावून देवराव आपल्या धुऱ्यावर उभा होता. आजच मुहूर्त लागला गड्याला!

"जा, थांबवा त्याइले! या पेट्या गेल्या तं मी पुन्हा माश्या ठेवणार नाई."

"मी? कोणत्या तोंडानं म्हणू?"

"इतके वर्स ज्या तोंडानं हसले, त्याच तोंडानं."

सदाशिवराव धापा टाकत पोचले. "देवराव, राहू दे."

"काहून, सदाभाऊ? तुमालेच तं साफ धुरा पाह्यजे."

"राहू दे म्हणतो ना! चांगला दिसते."

"काय चांगलं दिसते?"

"हे... गवत," सदाशिवराव बोट दाखवत म्हणाले. "सत्यशीलाच्या माश्या तुह्या धुऱ्यावर जगून राह्यल्या. माह्या धुऱ्यावर त्याइले काईच नाई. चुकलो मी, बाप्पा."

देवरावानं वाकून पाठीवरच्या पंपाचं झाकण उघडून दाखवलं. आत थेंबभर औषध नव्हतं, पाणीही नव्हतं.

"फवारनार कोन होतं? रिकामाच पाठीवर घेऊन फिरून राह्यलो. तुमाले दिसलं पाह्यजे म्हणून. पानठेल्यावर जाची लाज वाटे मले."

सदाशिवरावांना हसू आलं नाही. त्यांनी देवरावाच्या पाठीवरचा पंप उतरवून आपल्या खांद्यावर घेतला.

"चाल घरी, च्या पिऊ," ते हळूच म्हणाले. "आन् धुऱ्याले हात न लावता कसं बसाचं, थे मले शिकव."