पाऊल उचलणारा

नडगीवर हात ठेवा आणि पाऊल वर खेचा. हाडाच्या बाहेरच्या अंगाला जे टणक होऊन हाताला लागतं, तो मी. एका रंगाऱ्याच्या उजव्या पायातला स्नायू बोलतोय. चालताना पाऊल वर उचलून धरायचं, म्हणजे माणूस ठेचकाळत नाही, एवढंच माझं काम.

शेजारी माझे दोन भाऊ. एक अंगठा उचलतो, दुसरा उरलेली बोटं. एका बाजूला हाड, वरून चिवट आवरण, अशा बंद खोलीत आम्ही दाटीवाटीने जन्म काढला. मागे पोटरी. कौतुक सगळं तिचं. तेल तिला, चेपणं तिला. आमच्या वाट्याला पलंगाचे कोपरे. रंगारी तर दिवसभर शिडीच्या पायरीला नडगी टेकून उभा राहायचा. पण माझी तक्रार नव्हती, माणूस कामाचा होता.

त्या सकाळी एका शाळेच्या सभागृहाची मोठी भिंत चालू होती. शिडी सरकली, तो घसरला आणि पायरी थेट माझ्यावर आदळली. हाड वाचलं. मी मात्र सुजू लागलो.

"दादा, राहू दे आज. दवाखान्यात जाऊ," रंगाऱ्याचा धाकटा भाऊ म्हणाला. तोही त्याच्याबरोबरच रंगकाम करायचा.

"अर्धी भिंत सोडली की रंगाचा सांधा दिसतो, माहितेय ना? तू बांध घट्ट."

भावाने परांची बांधावी तशी पट्टी आवळली. बाहेरून पट्टी, आतून सूज, आणि आमचं आवरण काही ताणत नाही. रक्त आत येईना. मी कळांवर कळा मारल्या. मला दुसरी भाषा येत नाही. तो दात खाऊन रोलर फिरवत राहिला.

दुपारनंतर पाऊल बधिर झालं.

"बघ, उतरलं दुखणं!" तो हसून म्हणाला.

अरे, उतरलं कसलं! आम्ही तिघं मरत होतो रे.

संध्याकाळी भिंत पुरी झाली. कुठे सांधा नाही, डाग नाही. शिडीवरून उतरला तेव्हा पाऊल लोंबत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तातडीने आवरण चिरलं, मला चिमट्यात धरून पाहिलं. मी करडा पडलो होतो.

"पट्टी दुपारी जरी सोडली असती..." ते म्हणाले आणि थांबले. धाकट्याने तोंड फिरवलं.

आमचा बराचसा भाग कापून टाकला. उरलोय ती सुकलेली दोरी. शिडीवर आता धाकटा चढतो. तुम्हाला हात जोडून सांगतो, दुखणारा पाय एकाएकी गप्प झाला तर खूश होऊ नका. आधी पट्टी सोडा, डॉक्टरकडे धावा. भिंत काय, पुन्हा रंगवता येते.

रोज सकाळी रंगारी पाय लांब करून बसतो. पावलाकडे टक लावून म्हणतो, "ऊठ." त्याची बायको दारात उभी असते.

"आज जरा हललं ना गं?"

"हो, हललं की," ती म्हणते.

खोटं बोलते बिचारी. त्यालाही ते कळतं, तरी उद्या पुन्हा विचारेल.