भाव उतरायला ठेवलेली जागा

चामोर्शीच्या आठवडी बाजारात बायनाबाईचा टोमॅटोचा वाटा वीस रुपयांचा असतो, म्हणजे पंधराचा. वीस सांगायचे, पंधरा घ्यायचे, आणि मधल्या पाच रुपयांत गिऱ्हाइकाला आपण फार हुशार असल्याचं समाधान द्यायचं. हे समाधान ती तीस वर्षं विकत आली आहे.

तिची लेक खुशबू चित्रं विकायला बसली होती, पण इंटरनेटवर. तिथे पाल नाही, पोतं नाही आणि भांडायला शेजारी मनकर्णाबाई नाही. चित्र टॅबवर काढायचं, पैसे आले की फाइल पाठवायची, घेणाऱ्याने ती छापून भिंतीवर लावायची. नऊ महिन्यांत एकही गेलं नव्हतं.

इकडे गडचांदूरच्या वामनमामाने तिच्यासाठी ट्रकच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायची नोकरी बघून ठेवली होती. एक तारखेला हजर व्हायचं. मामा वाईट नव्हता, पण भाची घरी बसून जे करते ते काम आहे हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. खुशबू ती केबिन एकदा बघून आली होती. तिथे बसलो की पुन्हा आपल्या हातून चित्र होणार नाही, याची तिला खरोखर धास्ती वाटत होती.

शेवटी बायनाबाईनेच तोडगा काढला. "एक तारखेच्या आत एक चित्र वीक. तू म्हणशीन त्या भावानं. मंग वामनले मी नाई म्हणतो."

खुशबूने आपलं सगळ्यात चांगलं चित्र विकायला निवडलं. त्यात आईचा उजवा हात होता, वाट्यावर पाचवा टोमॅटो ठेवणारा. त्या हाताला करंगळी नाही. अकरा वर्षांपूर्वी धानाच्या हंगामात ती थ्रेशरच्या पट्ट्यात गेली. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की बायनाबाईचा उजवा हात पदराखाली जातो. घरातल्या लग्नांच्या अल्बममध्ये ती सगळीकडे एकाच हाताची आहे.

चित्र बघून ती म्हणाली होती, "एक बोट घाल ना वं. तुले कोणते पैसे पडते?"

खुशबूने घातलं नाही. दोन जेवणं अबोला झाला.

आता भाव. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक जण सांगत होता की तासांवर भाव लावा. दुसरा सांगत होता, तास मोजणारा मजूरच राहतो. खुशबूच्या मनात दोन हजार होते. आई म्हणाली, "तीन सांग. उतराले जागा ठेवा लागते."

तीन हजार लावले. एकशे बारा लोकांनी बदाम दाबले आणि निघून गेले. घासाघीस करायला कोणी थांबलंच नाही.

सत्तावीस तारखेला नाशिकच्या माधवी नावाच्या बाईंचा निरोप आला. त्यांची खाणावळ होती, भिंतीसाठी चित्र हवं होतं. "तीन हजारच का?" त्यांनी विचारलं.

"भाव इचारला म्हंजे घ्याचं आहे," बायनाबाई सरसावून बसली. "पयले तिले बोलू दे."

खुशबूने लिहिलं, "तुम्ही किती द्याल?"

"मी काय सांगणार? चित्र तुमचं आहे."

असं वाक्य चामोर्शीच्या बाजारात आजवर कोणी बोललेलं नाही. मायलेकी चक्रावल्या. तेवढ्यात "बरं, बघते" असं लिहून बाई गेल्या.

"चालली," बायनाबाई म्हणाली. "दहा पावलं जाऊ दे, मंग हाक मार."

इंटरनेटवरची दहा पावलं म्हणजे साधारण एक हंडा भरेपर्यंत, असं ठरलं. हंडा भरला. खुशबूने हाक मारली: अडीच हजार. उत्तर नाही. दोन. दीड. एक. अर्ध्या तासात ती माधवीबाईंच्या मागे धावत पाचशेपर्यंत पोचली, म्हणजे बाजार संपून पार बसस्टँडपर्यंत.

मग उत्तर आलं. "तीन हजारांचं चित्र अर्ध्या तासात पाचशेला? खरं सांगा, तुम्ही काढलंय की मशीनकडून काढून घेतलंय? मशीनला बोटं जमत नाहीत म्हणतात. या हाताला चारच आहेत."

खुशबू मोठ्याने वाचत होती. शेवटचं वाक्य गिळावं असं तिला वाटलं, पण तोवर ते तोंडातून गेलं होतं. तिचे कान तापले. रागापेक्षा लाज जास्त होती, कारण भाव तिनेच पाडला होता.

बायनाबाई उठली. हात धुतला, पदराला पुसला. टोपलीतून पाच टोमॅटो काढून जमिनीवर वाटा लावला आणि पाचवा टोमॅटो बोटांत धरून थांबली. "काढ फोटो."

"माय, राहू दे."

"काढ म्हनलं ना."

फोटो गेला. मागोमाग बायनाबाईने मोबाइल तोंडाशी धरून निरोप बोलून पाठवला. "बाई, मी पोरीची माय. बोट थ्रेशरात गेलं. मीच खोटं घाल म्हनत होतो, थे नाई आयकली. चित्राचे तीन हजार."

"माय, आपण तं दोनवर येनार होतो ना!"

"तवा बोट हिशेबात नोतं."

दुपारी चार वाजता तीन हजार जमा झाले. सोबत दोन ओळी होत्या: "माझं चुकलं, माफ करा. हात आहे तसाच राहू द्या." खुशबूने त्या वाचल्या आणि मग तिला रडू आलं. आई टोमॅटो टोपलीत परत भरत होती.

संध्याकाळी बायनाबाईने भावाला फोन लावला. या वेळी मोबाइल उजव्या हातात होता.

"जयभीम, वामन. पोरगी काट्यावर येत नाई."

"काऊन, बाई?"

"तिले काम आहे. माह्या हाताचं चित्र काढलं तिनं. विकलं."

 मामाने विचारलं, "केवढ्याले?"

"तीन हजार."

"अन् घरच्या मानसाले?"

"तीन हजार," बायनाबाई म्हणाली. "कमी होत नाई."