सर्व्हे म्हणायचं नाही

अंकिता म्हात्रे दर शनिवारी तास उरकून आपट्याजवळच्या कातकरवाडीत जाऊन करते तरी काय, या कोड्याने पनवेलच्या एका कॉलेजचे प्राचार्य दिघे सर हैराण झाले होते. बाई भूगोलाच्या हुशार प्राध्यापिका. पण वर्ष उलटलं तरी या वाडीवर त्यांची एक ओळ छापून आली नव्हती! आणि त्यांच्या पदोन्नतीची बैठक तर सोमवारवर आली होती.

"हे समाजकार्य झालं, मॅडम. बढती हवी तर वाडी सोडा, पेपर लिहा," सरांनी बजावलं.

"सर, एकदा येऊन तरी बघा."

आतून उत्सुकता होतीच. सर गेले.

वाडीत बायका अंगणात गप्पा मारत होत्या. सर पुढे झाले आणि वर्गात बोलावं तसं खणखणीत म्हणाले, "नमस्कार! आम्ही सर्व्हेसाठी आलोय!"

झालं! बायकांनी पोरांना आत ओढलं, दारं धडाधड लागली. सर आ वासून बघत राहिले.

"सर, इकडे सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी," अंकिता हळूच म्हणाली. "आधी मोजतात, मग उठवतात. पहिल्या खेपेला मीही हेच बोलून बसले होते. पुन्हा दारं उघडायला वर्ष गेलं. तेच वर्ष तुम्ही वाया गेलं म्हणता."

म्हाताऱ्या ठमाबाईने दारातून डोकं काढलं. "बाय, ह्ये मोजाया आलंत का?"

"नाय गं, ठमाबाय. हे आमचे मोठे सर. पाण्याचं बघायला आलेत."

"मंग पाणी म्हनावं की! जीव घाबरला ना आमचा!" ठमाबाई बाहेर आली. "सायेब, हिरीचं पाणी पिऊन पोरांची पोटं का दुखतात, ते आमीच हिला इचारलंय. ती शोधतेय. तुमी तिचं येनं बंद नाय ना करनार?"

संशोधनाचा विषय कॉलेजातच ठरतो, असा सरांचा आजवरचा समज. इथे तो आयांनी दिला होता, आणि आपण त्याचं उत्तर शोधणंच बंद करायला निघालो होतो! त्यांना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी बैठकीत एकाने विचारलंच, "पण यात संशोधन कुठंय?"

"लोकांचा विश्वास मिळवून त्यांच्याबरोबर प्रश्न शोधणं, हेच संशोधन! आपण ते जमेस धरतच नव्हतो," सर म्हणाले. अंकिताची शिफारस झाली, शनिवारचे तिचे तास दुसऱ्यांनी वाटून घेतले आणि विहिरीचं पाणी तपासायला रसायनशास्त्राचे लोक तिच्याबरोबर निघाले.

वाचकहो, गावोगाव वहाणा झिजवणाऱ्या प्राध्यापकाला 'छापलंत काय?' एवढंच विचारून कसं चालेल? 'तुम्हाला काय मदत हवी?' हेही कुणी विचारायला हवं. लोकांमध्ये राहून शोधलेलं ज्ञानच लोकांच्या उपयोगी पडतं, आणि ते शोधणाऱ्याला एकटं सोडणं म्हणजे त्या पोरांना तेच पाणी पाजत राहणं!